‘तपासता आलं नाही’ म्हणजे ‘हो’ नव्हे

(सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या प्रत्येक सल्ला केंद्रात एक लोखंडी कपाट असतं. त्यात केसपेपर असतात, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे केंद्रातल्या प्रत्येकीला माहीत असतं. एखादी बाई माहेरी न जाता मैत्रिणीकडे राहते आहे, तिथला पत्ता त्या कागदावर असतो. मारहाणीचा वैद्यकीय दाखला असतो, मुलांच्या शाळेचं नाव असतं. हा कागद चुकीच्या हातात पडला तर काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून आपण कुलूप लावतो, आणि कपाटाजवळ कोणी परकं माणूस आलं तर ‘आपण कोण, कोणाकडे आलात’ असं विचारतो.

गेल्या काही वर्षांत हा कागद कपाटातून निघून मोबाइलमध्ये गेला आहे. नोंदणीचा फॉर्म मोबाइलवर भरला जातो. दाखल्याचा फोटो काढून पाठवला जातो. संकटात सापडलेल्या बाईने बटण दाबलं की तिचं ठिकाण कळवणारी ॲप निघाली आहेत. ही सगळी माहिती मोबाइलमधून निघते आणि दूर कुठेतरी असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, जाऊन पडते. माझा आजचा प्रश्न एवढाच आहे. पलीकडे आहे तो खरोखर आपलाच सर्व्हर आहे, हे मोबाइलला कसं कळतं? ‘आपण कोण’ हा प्रश्न तिथे कोण विचारतं, आणि आलेलं उत्तर नीट ऐकून घेतं का?

मी वीस वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठे फसतो ते शोधणं हे माझ्या पोटापाण्याचं काम. आजचा तांत्रिक भाग मी शक्य तितका सोपा करून सांगणार आहे, पण गाळणार नाही. कारण ‘ते तुम्हाला कळणार नाही, आमच्यावर सोपवा’ हे वाक्य आपण डॉक्टरांकडून, वकिलांकडून आणि पोलिसांकडून पुरेसं ऐकलेलं आहे.

आधी कुलपाबद्दल बोलू. बरीच वर्षं वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं छोटं चित्र दिसत आलं. काही ब्राउझरांनी ते आता काढून टाकलं आहे. त्या कुलपामागे दोन वेगवेगळी कामं चालतात. एक, पाठवलेला मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो सांकेतिक करणं. दोन, मजकूर ज्याला पाठवायचा तो तोच आहे याची खात्री करणं. पहिल्या कामाबद्दल सगळे बोलतात, दुसरं विसरलं जातं. पण दुसरं झालं नाही तर पहिल्याचा काही उपयोग नाही. पाकीट लाखेने बंद केलं, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच हातात दिलं, तर लाख तोच फोडणार.

ही खात्री ज्या कागदावरून होते त्याला डिजिटल प्रमाणपत्र म्हणतात. ते समजायला आपल्या ओळखीचा तहसील कचेरीतला दाखला घेऊ. निराधार योजनेच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा असतो. तो हातात आल्यावर नीट काम करणारा कारकून पाच गोष्टी पाहतो. सही-शिक्का खरा आहे का? सही करणाऱ्याला असा दाखला द्यायचा अधिकार आहे का? दाखल्याची मुदत संपली तर नाही? अर्जावर जे नाव आहे तेच दाखल्यावर आहे का? आणि दाखला घेऊन समोर उभी आहे ती तीच बाई आहे का?

डिजिटल प्रमाणपत्रातही हेच असतं. त्यात वेबसाइटचं नाव असतं, मुदत असते, देणाऱ्या संस्थेची सांकेतिक सही असते आणि त्या वेबसाइटची ‘सार्वजनिक किल्ली’ असते. या किल्लीची जोडीदार म्हणजे ‘खाजगी किल्ली’. ती फक्त खऱ्या सर्व्हरकडे असते. प्रमाणपत्र कोणालाही बघता येतं, त्याची प्रत कोणीही काढू शकतं. म्हणून सर्व्हरला नुसता दाखला दाखवून भागत नाही. खाजगी किल्लीने सही करून ‘हा दाखला माझाच’ हेही दाखवून द्यावं लागतं. आणि तहसीलदाराच्या वर जशी जिल्हाधिकाऱ्याची सही, तशी इथेही एकाने दुसऱ्याला अधिकार दिल्याची साखळी असते. तिच्या टोकाला असलेल्या मूळ संस्थांची यादी आपल्या मोबाइलमध्ये आधीपासून भरलेली असते.

आता हे पाच प्रश्न विचारतं कोण? ॲप लिहिणारी मुलगी किंवा मुलगा ही तपासणी सहसा स्वतः लिहीत नाही. ती तयार मिळते. अशा तयार प्रोग्रामच्या संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. पुस्तकांच्या वाचनालयाशी तिचा संबंध नाही. तुलनाच करायची तर गल्लीतल्या गिरणीशी करावी. दळण सगळ्या गल्लीचं तिथे जातं, घरोघर जातं घालून कोणी बसत नाही. ते योग्यच आहे. पण गिरणीत खडा गेला तर तो एका घरच्या भाकरीत येत नाही, गल्लीतल्या सगळ्या घरांत येतो. ओपनएसएसएल, ग्नूटीएलएस ही अशा लायब्रऱ्यांची नावं. बँकेचं ॲप असो की आपल्या केंद्राचं, खालची गिरणी पुष्कळदा एकच असते.

या गिरण्यांत काय काय झालं ते आता एकेक करून सांगते.

‘सही करणाऱ्याला अधिकार आहे का’ हा प्रश्न घ्या. २००२ साली मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने दाखवून दिलं, की मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर हा प्रश्न विचारतच नाही. सही गणिताने जुळते का एवढंच तो पाहत होता. म्हणजे कोणालाही स्वतःच्या वेबसाइटसाठी एक साधं, खरं प्रमाणपत्र मिळालं, की ते वापरून त्याने वाटेल त्या बँकेच्या नावाचं प्रमाणपत्र तयार करावं. एखाद्या बाईला रहिवासी दाखला मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून तीच गावाला दाखले वाटू लागली, असा हा प्रकार. चूक उघड झाली, दुरुस्त झाली. आणि नऊ वर्षांनी, २०११ च्या जुलैमध्ये, तशीच चूक ॲपलच्या आयफोनमध्ये सापडली.

‘समोर उभी आहे ती तीच का’ हा प्रश्न घ्या. २१ फेब्रुवारी २०१४ रोजी ॲपलने आयफोनसाठी घाईने एक दुरुस्ती काढली. त्यांच्या लायब्ररीत तपासणीच्या दर पायरीला एक आज्ञा होती: चूक आढळली तर शेवटच्या ओळीवर उडी मार. इंग्रजीत त्या आज्ञेचं नाव ‘गोटू फेल’. एका ठिकाणी ही ओळ लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. पहिली ‘चूक आढळली तर’ या अटीला बांधलेली होती. दुसरी मोकळी होती. त्यामुळे चूक असो वा नसो, प्रोग्राम तिथून उडी मारून शेवटाला जायचा, आणि सर्व्हरची सही तपासायची पायरी गाळली जायची. तोवर चुकीची नोंद झालेली नसल्यामुळे निकाल मात्र ‘सर्व ठीक’ असाच यायचा. दुसऱ्या कोणाचा खरा दाखला घेऊन तिसराच माणूस उभा राहिला, तरी त्याला आत घेतलं जात होतं. मॅक कॉम्प्युटरांची दुरुस्ती आणखी चार दिवसांनी, २५ फेब्रुवारीला आली.

‘नाव तेच आहे का’ या प्रश्नाची गंमत आणखी वेगळी आहे. कर्ल नावाची एक लायब्ररी जगभर वापरली जाते. तिच्यात नाव पडताळण्यासाठी एक खटका होता. त्याच्या तीन जागा होत्या: शून्य, एक आणि दोन. शून्य म्हणजे नाव पाहू नको. दोन म्हणजे नाव जुळतं का ते पाहा. आणि एक म्हणजे प्रमाणपत्रावर काहीतरी नाव आहे एवढंच पाहा, जुळलं नाही तरी चालेल. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना वाटलं, हा साधा चालू-बंदचा खटका आहे. त्यांनी ‘हो’ असं लिहिलं. कॉम्प्युटरच्या भाषेत ‘हो’ म्हणजे एक. चांगल्या मनाने तपासणी चालू करायला गेले आणि नेमकी ती बंद झाली. टेक्सास आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१२ साली हे प्रसिद्ध केलं, तेव्हा ॲमेझॉनच्या पैसे भरण्याच्या एका सेवेच्या लायब्ररीतसुद्धा हेच निघालं. त्यांचा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, दोष एकट्या वापरणाऱ्याचा नाही. खटकेच असे बनवले आहेत की माणसाची फसगत व्हावी. कर्लच्या मंडळींनी त्याच वर्षी ‘एक’ ही जागा मोडीत काढली.

आणि आता ज्या उदाहरणावरून मी भाषणाला नाव दिलं ते. मार्च २०१४ मध्ये ग्नूटीएलएस या लायब्ररीतली चूक जाहीर झाली. रेड हॅट कंपनीसाठी चाललेल्या तपासणीत ती सापडली होती. तिथे प्रमाणपत्र तपासणाऱ्या तुकड्याने ‘हो’साठी एक आणि ‘नाही’साठी शून्य असं उत्तर द्यायचं होतं. पण तपासतानाच काही अडचण आली, प्रमाणपत्र वाचताच आलं नाही, तर तो तुकडा शून्याच्या खालचा, उणे आकडा पाठवायचा. उत्तर घेणारा तुकडा एवढंच बघत होता, की उत्तर शून्य आहे का? शून्य नाही ना, मग ‘हो’. म्हणजे ‘मला तपासता आलं नाही’ हे उत्तर ‘तपासलं, बरोबर आहे’ असं वाचलं जात होतं. मुद्दाम वेडंवाकडं बनवलेलं प्रमाणपत्र त्यामुळे खऱ्यासारखं आत जाऊ शकत होतं.

‘नाही’ म्हटलं नाही म्हणजे ‘हो’ असं धरू नका, हे वाक्य आपल्या चळवळीने कोर्टात आणि पोलीस ठाण्यात किती वेळा म्हटलं आहे! बाईवरचा अन्याय आणि प्रोग्रामातली ओळ यांची मी बरोबरी करत नाही. पण ज्या सवयीतून दोन्ही घडतं ती आपल्या ओळखीची आहे. सोयीचं उत्तर हवं असलं की ‘नाही’ सोडून बाकी सगळं ‘हो’मध्ये जमा केलं जातं. नियम उलटा हवा. स्पष्ट ‘हो’ आलं तरच पुढे जायचं. बाकी सगळं ‘नाही’.

हे सगळं जुनं झालं असंही समजू नका. जानेवारी २०२० मध्ये विंडोज १० मध्ये अशीच चूक निघाली, आणि ती मायक्रोसॉफ्टला कळवली अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने. प्रमाणपत्र देणाऱ्याची सार्वजनिक किल्ली जुळते का हे तिथे पाहिलं जात होतं. ती ज्या गणितावर उभी आहे ते गणित तेच आहे का हे पाहिलं जात नव्हतं.

इथवर गिरणीतल्या खड्यांबद्दल बोलले. पण गिरणी चांगली असूनही घरात पीठ न चाळता वापरलं तर? जर्मनीतल्या हॅनोव्हर आणि मारबुर्ग विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१२ साली अँड्रॉइडची १३,५०० मोफत ॲप तपासली. त्यांतल्या १,०७४ ॲपमध्ये तपासणी ढिली करणारा किंवा बंद करणारा मजकूर होता. शंभर ॲप निवडून त्यांनी प्रत्यक्ष हल्ला करून पाहिला, तेव्हा ४१ ॲपची माहिती त्यांच्या हाती लागली. पुढच्या वर्षी त्यांनी अशी ॲप लिहिणाऱ्यांशी बोलून पाहिलं. वारंवार आलेलं एक कारण अगदी साधं होतं. ॲप तयार होत असताना चाचणीच्या सर्व्हरला खरं प्रमाणपत्र नसतं. तपासणी चालू ठेवली तर काम अडतं. म्हणून ती बंद करतात, आणि मग तशीच बंद राहते.

हे मी स्वतः पाहिलेलं आहे. बायकांच्या सुरक्षिततेसाठी एका संस्थेने करून घेतलेलं एक ॲप माझ्याकडे तपासायला आलं होतं. मी माझाच लॅपटॉप मोबाइल आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसवला आणि घरी बनवलेलं खोटं प्रमाणपत्र पुढे केलं. ॲपने कसलीही कुरकुर न करता बाईचं ठिकाण आणि तिने दिलेले तीन नातेवाइकांचे नंबर माझ्या लॅपटॉपच्या हवाली केले. ज्या कंपनीने ॲप लिहिलं तिच्या माणसाने सांगितलं, ‘मॅडम, टेस्टिंगला बंद केलं होतं, चालू करायचं राहिलं. पण आजवर एकाही बाईची तक्रार नाही.’

तक्रार येणारच कशी? माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. तपासणी बंद असली तरी ॲप छान चालतं. खऱ्या सर्व्हरशी बोलताना तपासणारा जागा असो की झोपलेला, आपल्याला दिसतं ते सारखंच. दाराशी रोज घरचीच माणसं येत असतील, तर पहारेकरी आंधळा आहे हे कळणार कधी? परका आला तेव्हाच, आणि तेव्हाही आत शिरणारा काही सांगून शिरत नाही. म्हणून ‘चालतंय की’ हा पुरावा होऊच शकत नाही. मुद्दाम खोटी प्रमाणपत्रं पुढे करून पाहणं हा एकच मार्ग. २०१४ साली काही अमेरिकी संशोधकांनी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. खऱ्या प्रमाणपत्रांचे तुकडे उलटसुलट जोडून त्यांनी ८० लाखांहून जास्त विचित्र प्रमाणपत्रं तयार केली आणि तीच प्रमाणपत्रं निरनिराळ्या लायब्रऱ्यांना दाखवली. एकीने ‘हो’ आणि दुसरीने ‘नाही’ म्हणावं असे २०८ मतभेद निघाले. सगळ्या बरोबर असत्या तर असं झालं नसतं.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या महत्त्वाच्या कामात इतका ढिसाळपणा का? याचं एक उत्तर आपल्याला परिचयाचं आहे. हे देखभालीचं काम आहे. नवीन चकचकीत ॲप निघालं की उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. खालची लायब्ररी रोज झाडून-पुसून ठेवणाऱ्याला कोणी विचारत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची मोठी चूक निघाली. ती चूक प्रमाणपत्र तपासण्यातली नव्हती, पण त्या निमित्ताने एक गोष्ट बाहेर आली. जगातल्या कितीतरी बँका आणि बलाढ्य कंपन्या ज्या लायब्ररीवर विसंबून होत्या, तिला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत होती, आणि मोजकी माणसं ती सांभाळत होती. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अशा कामांसाठी निधी उभा केला. घरकामाची किंमत घर अडल्यावर कळते, तसंच हे.

एक बाजू आणखी आहे. तपासणारा चोख असला तरी दाखले देणाऱ्या कचेरीतच घोटाळा झाला तर? २०११ साली नेदरलँड्समधल्या डिजीनोटार या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत हल्लेखोर घुसले आणि त्यांनी गूगलच्या नावाचं प्रमाणपत्र काढलं. ते वापरून इराणमधल्या लोकांची जीमेल वाचण्याचा प्रयत्न झाला. सुमारे तीन लाख कॉम्प्युटरांचे पत्ते या प्रकरणात नोंदले गेले. ते उघड झालं कसं? इराणमधल्या एका वापरणाऱ्याला क्रोम ब्राउझरने इशारा दिला, आणि त्याने तो दुर्लक्षून पुढे न जाता जाहीरपणे विचारणा केली. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये सरकारच्या एनआयसीकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गूगलच्या लक्षात आलं. ती रद्द झाली, आणि भारताच्या त्या यंत्रणेची प्रमाणपत्रं ठराविक भारतीय पत्त्यांपुरतीच मानायची असं गूगलने ठरवलं. सरकारी शिक्का आहे म्हणून डोळे मिटायचे, हे इथेही चालत नाही.

मला तुम्हाला घाबरवायचं नाही. आपल्याकडे येणाऱ्या बाईचा नवरा तिच्यावर पाळत ठेवतो तो बहुतेक वेळा साध्या मार्गाने. त्याला तिचा पिन माहीत असतो, सिमकार्ड त्याच्या नावावर असतं, किंवा त्याने तिच्या मोबाइलमध्ये गुपचूप एखादं ॲप घातलेलं असतं. ते आधी पाहायचं. पण ज्या घरातून ती सुटू पाहते त्या घरातला वायफाय त्याच्या ताब्यात असतो. आज मी बोलले ते हल्ले करायला असंच मध्ये बसता यावं लागतं: घरच्या वायफायवर, लॉजच्या, होस्टेलच्या, ऑफिसच्या. त्यासाठी लागणारी साधनं तयार मिळतात. ॲपची तपासणी धड असेल तर मध्ये बसलेल्याच्या हाती काही लागत नाही. ती बंद असेल तर तिने पहाटे बाथरूममध्ये जाऊन केलेला अर्ज त्याच्या पडद्यावर उमटतो. आणि दोष कोणाला? तिलाच. ‘बाई, मोबाइल जपून का नाही वापरला?’ म्हणून मी आधीच सांगते, हे तिच्या सावधपणाचं काम नाही. ॲप करून घेणाऱ्या आपल्या संस्थांचं आहे.

मग काय करायचं?

पहिली गोष्ट, माहितीच कमी मागा. जी नोंद घेतलीच नाही ती फुटत नाही. मुलांच्या शाळेचं नाव फॉर्ममध्ये खरंच लागतं का, हे प्रत्येक रकान्यासमोर बसून ठरवा.

दुसरी, ॲप करून घेताना चाचणी समोर मागा. चार खोटी प्रमाणपत्रं दाखवायला सांगा: अनोळखी संस्थेने सही केलेलं, दुसऱ्याच नावाचं, मुदत संपलेलं, आणि सही करायचा अधिकार नसलेल्याने सही केलेलं. चारही वेळा ॲपने थांबलं पाहिजे आणि एक अक्षरही पाठवता कामा नये. ‘आम्ही सगळं सुरक्षित केलंय’ हे तोंडी उत्तर स्वीकारू नका. चहा होईपर्यंत आटपणारी चाचणी आहे, ती बघायला इंजिनिअर असावं लागत नाही.

तिसरी, देखभालीला पैसे ठेवा. ॲपमध्ये कोणत्या लायब्रऱ्या आहेत त्याची यादी लेखी घ्या, आणि त्यांची दुरुस्ती निघाली की ती ॲपमध्ये किती दिवसांत येईल हे करारात लिहा. देणगीदारांना अंदाजपत्रक देताना हा खर्च ‘इतर’मध्ये दडवू नका, त्याच्या नावाने मांडा.

चौथी, आपल्या रोजच्या वापरातली. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. आधी मोबाइलची तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा. ती चुकली तर खऱ्या प्रमाणपत्राचीही मुदत संपलेली दिसते. तारीख बरोबर असेल आणि इशारा जात नसेल, तर ते वायफाय सोडून द्या.

पाचवी, ‘मोबाइलमध्ये हे सर्टिफिकेट घालून घ्या’ असं कोणी म्हणालं, मग तो नवरा असो, कॉलेज असो की साहेब, तर ‘का’ विचारा. आपण ते घातलं की विश्वासातल्या संस्थांच्या यादीत आपल्याच हाताने एक नाव वाढतं. २०१९ साली कझाकस्तान सरकारने नागरिकांना असंच सांगितलं होतं. गूगल, मोझिला आणि ॲपल यांनी ऑगस्टमध्ये ते प्रमाणपत्र नाकारलं. अँड्रॉइडच्या २०१६ नंतरच्या आवृत्त्यांसाठी लिहिलेली ॲप अशी वरून घातलेली प्रमाणपत्रं आपणहून मानत नाहीत, पण ब्राउझरचं तसं नाही.

सहावी, ॲप व्हॉट्सॲपवरून फाइल म्हणून वाटू नका. तपासणी उघडपणे बंद केलेली ॲप गूगल प्ले २०१६ पासून अडवतं. ती चाळणी पूर्ण नाही, पण आहे. हातोहात आलेल्या फाइलीला तीही लागत नाही.

आणि एक मागणी आपण मिळून करायची आहे. मोबाइलवरचे इशारे समजतील अशा मराठीत हवेत. ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ यावरून बाईला काय करायचं ते कळत नाही. ‘पलीकडे कोण आहे याची खात्री पटली नाही, म्हणून काही पाठवलेलं नाही’ हे कळतं.

आता वह्या काढा. तुमच्या पुढच्या करारात घालायची दोन वाक्यं सांगते, जशीच्या तशी उतरवून घ्या. एक: ‘सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी पूर्ण होऊन स्पष्ट होकार मिळाल्याशिवाय हे ॲप कोणतीही माहिती पाठवणार नाही, तपासणीत अडचण आल्यास तो नकार समजला जाईल.’ दोन: ‘चार खोट्या प्रमाणपत्रांची चाचणी संस्थेच्या प्रतिनिधींसमोर यशस्वी झाल्यावरच शेवटचा हप्ता देय होईल.’

जेवणानंतर आपण ही चाचणी प्रत्यक्ष करून बघणार आहोत. ज्यांच्या केंद्रात ॲप आहे त्यांनी मोबाइल चार्ज करून आणावेत. तोवर प्रश्न विचारा.